लॅबची प्रिंट स्क्रीनशी जुळवायची असेल, तर कामाचा हा क्रम धरा

लग्नसराई ओसरली की जळगाव, भुसावळ, धुळे, शहादा, कुठल्याही स्टुडिओत एकच तक्रार ऐकू येते. स्क्रीनवर फोटो झकास होते, लॅबमधून शीट आल्या त्या काळपट. ग्राहकही गप्प बसत नाही. ‘आमना नवरदेव इतला काळा शे का?’ असं तोंडावर विचारतो. फोटोग्राफर लॅबला फोन लावतो, लॅबवाला म्हणतो फाइलच तशी आहे. मग पुढच्या ऑर्डरला सगळ्या फाइल अंदाजाने उजळून जातात आणि चेहरे पांढरेफटक होऊन परत येतात.

बिघाड बहुतेक वेळा लॅबमध्येही नसतो आणि एडिटमध्येही नसतो. तो असतो मॉनिटरच्या ब्राइटनेसमध्ये, नाहीतर फाइलच्या प्रोफाइलमध्ये, म्हणजे फाइलमधले रंगांचे आकडे कसे वाचायचे हे सांगणाऱ्या नोंदीत. पण ते तपासायच्या आधीच लोक फोटो पुन्हा एडिट करायला घेतात, आणि मग नेमकं कशामुळे काय झालं हे कुणालाच कळत नाही. म्हणून खालच्या पायऱ्या याच क्रमाने करा, आणि एका वेळी एकच गोष्ट बदला.

अपेक्षाही माफक ठेवा. स्क्रीन स्वतः उजेड फेकते, कागद अंगावर पडलेला उजेड परत देतो. त्यामुळे स्क्रीनवरची चमक कागदावर हुबेहूब येणार नाही. चेहऱ्याचा रंग बरोबर यावा, काळ्या केसांत केस दिसावेत, पांढऱ्या फेट्याच्या घड्या दिसाव्यात आणि राखाडी रंग राखाडीच राहावा, एवढं जमलं की प्रिंट जुळली असं समजा.

## १. आधी लॅबला पाच प्रश्न

एडिटिंगला बसण्यापूर्वी लॅबला फोन करा आणि उत्तरं लिहून ठेवा.

- प्रिंट कशावर निघते: केमिकलमधून निघणाऱ्या फोटोपेपरवर, इंकजेटवर की डिजिटल प्रेसवर?
- फाइल कुठल्या कलर स्पेसमध्ये (रंगांच्या कुठल्या पसाऱ्यात: एसआरजीबी की अडोबी आरजीबी) हवी?
- मशीनचं किंवा कागदाचं आयसीसी प्रोफाइल, म्हणजे त्यावर रंग कसे उतरतात हे सांगणारी फाइल, मिळेल का?
- ऑटो करेक्शन चालू असतं का, आणि सांगितल्यावर ते बंद करतात का?
- शीटचं नेमकं माप पिक्सेलमध्ये किती, आणि कडेने कापलं किती जातं?

चौथा प्रश्न सर्वांत मोलाचा. मिनिलॅबवर, म्हणजे लॅबच्या छपाईच्या मशीनवर, बसलेला ऑपरेटर प्रत्येक फोटोची डेन्सिटी (गडदपणा) आणि सायन, मॅजेंटा, यलो कमी-जास्त करू शकतो. मशीनचं सॉफ्टवेअर आपणहूनही करतं. हौशी माणसाच्या मोबाइल फोटोंना त्याचा फायदाच होतो. तुम्ही मात्र काळ्या पार्श्वभूमीवर मुद्दाम अंधारा ठेवलेला फोटो पाठवलात, तर मशीन त्याला ‘अंडर’ (उजेड कमी पडलेला) समजून उजळतं. ऑर्डरवर स्पष्ट लिहा: ‘करेक्शन करू नये, फाइल आहे तशी छापावी.’

सावधान: करेक्शन बंद झालं की फाइलमधली प्रत्येक चूक जशीच्या तशी छापली जाते. मॉनिटर जाग्यावर आणल्याशिवाय ही सूचना देऊ नका.

## २. खोली

हे काम तासाभराचं आहे, तरी लोक टाळतात. दुकानाचं शटर उघडं ठेवून दिवसा एडिट करता तेव्हा बाहेरच्या लखलखीत उजेडापुढे स्क्रीन मंद वाटते आणि हात आपोआप फोटो उजळत जातो. तोच अल्बम रात्री शटर पाडून, दिवा मालवून पुढे सुरू केला की स्क्रीन डोळ्यांवर येते आणि फोटो गडद होत जातात. मग एकाच अल्बममध्ये हळदीची पानं फिकी आणि रिसेप्शनची काळी का, याचं कोडं पडतं.

मॉनिटरवर खिडकीचा किंवा दाराचा उजेड थेट पडू देऊ नका. दिवसा आणि रात्री एकसारखा, मध्यम उजेड ठेवा. मॉनिटरच्या मागची भिंत पोपटी किंवा गुलाबी असेल तर तेवढ्या भागाला फिका राखाडी रंग द्या, निदान राखाडी कापड लावा. डेस्कटॉपचा वॉलपेपरसुद्धा साधा राखाडी ठेवा. भडक वॉलपेपरशेजारी चेहऱ्याचा रंग डोळ्याला कळत नाही.

## ३. मॉनिटर

काळपट प्रिंटचं पहिलं कारण इथेच सापडतं. नवा मॉनिटर किंवा लॅपटॉप दुकानातून येतो तो भरपूर ब्राइट. अनेक पॅनल २५० ते ३०० कॅन्डेला प्रति चौरस मीटर (स्क्रीनच्या उजेडाचं माप) इथपर्यंत जातात. प्रिंटच्या कामाला साधारण ८० ते १२० पुरतात. म्हणजे तुम्ही दुप्पट-तिप्पट उजेडात फोटो पाहून ‘बस झाला’ म्हणता, आणि कागदाजवळ तेवढा उजेड नसतो.

क्रम असा ठेवा:

१. मॉनिटर चालू करून अर्धा तास तापू द्या.

२. विंडोजचा नाइट लाइट, एचडीआर, ऑटो ब्राइटनेस बंद करा. मॅक असेल तर ट्रू टोन आणि नाइट शिफ्ट बंद करा. मॉनिटरच्या स्वतःच्या मेन्यूतले ‘व्हिव्हिड’, ‘गेम’, ‘मूव्ही’ असे मोड काढून ‘स्टँडर्ड’ किंवा ‘एसआरजीबी’ निवडा. डायनॅमिक कॉन्ट्रास्ट असेल तर तोही बंद.

३. कॅलिब्रेटर, म्हणजे स्क्रीनचे रंग मोजून प्रोफाइल बनवणारं उपकरण, लावा. डेटाकलरचा स्पायडर किंवा कॅलिब्राइटचं उपकरण, दोन्ही चालतात. लक्ष्य द्या: व्हाइट पॉइंट (पांढऱ्याची छटा) ६५०० केल्विन, गॅमा (मधल्या छटांचा उजळपणा) २.२, ब्राइटनेस १०० कॅन्डेला. तयार झालेलं प्रोफाइल सिस्टिममध्ये डिफॉल्ट म्हणून सेव्ह करा.

४. महिन्यातून एकदा हेच पुन्हा.

कॅलिब्रेटर नसेल तर ब्राइटनेसपुरता एक उपाय आहे. फोटोशॉपमध्ये पूर्ण पांढरं डॉक्युमेंट उघडा. मॉनिटरशेजारी कोरा पांढरा कागद धरा आणि त्यावर प्रिंट पाहण्याचा चांगला उजेड पडू द्या. स्क्रीनचा पांढरा कागदाच्या पांढऱ्याइतकाच उजळ दिसेपर्यंत ब्राइटनेस खाली आणा. पहिले दोन दिवस स्क्रीन मेल्यासारखी वाटेल. डोळे सरावतात, परत वर नेऊ नका.

सावधान: डोळ्याने फक्त ब्राइटनेस जुळवा. लाल-हिरवा-निळा यांचे स्लायडर अंदाजाने हलवू नका. रंगाचं काम उपकरणाचं. रावेर-यावल-फैजपूर पट्ट्यातल्या दोघा-तिघांनी मिळून एक उपकरण घेतलं तरी भागतं, कारण ते रोज लागत नाही.

स्वस्त लॅपटॉपवर अल्बम एडिट करणाऱ्यांसाठी एक कडू गोष्ट: टीएन पॅनल (स्वस्त स्क्रीनचा एक प्रकार) असेल तर मान थोडी वर-खाली केली तरी फोटोचा कॉन्ट्रास्ट बदलतो. अशा स्क्रीनवर कॅलिब्रेशनने फारसं हाती लागत नाही. बाहेरून एक साधा आयपीएस (बाजूने पाहिलं तरी फारसा न बदलणारा) मॉनिटर जोडा. नवी लेन्स घेण्याआधी हा खर्च करावा, असं माझं ठाम मत आहे.

तपासा: ०, ५, १०, १५, २० अशा आरजीबी किमतींच्या काळ्या पट्ट्या शेजारी-शेजारी काढा. तशाच २३५, २४०, २४५, २५०, २५५ च्या पांढऱ्या काढा. १० आणि १५ मधला फरक दिसत नसेल, किंवा २५० आणि २५५ एकच वाटत असतील, तर पुढे जाऊ नका.

## ४. फाइलचं प्रोफाइल

दुसरी नेहमीची तक्रार: ‘रंग मेले.’ प्रिंट काळी नाही, पण फिकी, उदास. लाल शालू विटकरी दिसतो. इथे बहुतेक वेळा अडोबी आरजीबीची फाइल एसआरजीबी समजून छापलेली असते. अडोबी आरजीबीचा रंगपसारा मोठा. तेच आकडे लहान पसाऱ्यात वाचले की रंग मलूल होतात. आपल्याकडच्या बहुसंख्य लॅब एसआरजीबीच धरून चालतात. लॅबने वेगळं सांगितलं नसेल तर एसआरजीबीच पाठवा.

गडबड तीन वाटांनी शिरते.

पहिली वाट दुसऱ्या कॅमेऱ्याची. लग्नाला सोबत घेतलेल्या मित्राच्या कॅमेऱ्यात जेपीईजीसाठी अडोबी आरजीबी लावलेलं असतं. ओळखायला सोपं आहे: निकॉन आणि कॅननच्या अशा फाइलचं नाव अधोरेषेने सुरू होतं. रॉमध्ये (कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये) काढलेल्या फोटोला हा प्रश्न नाही, तिथे कलर स्पेस एक्स्पोर्टच्या वेळी ठरते.

दुसरी वाट टेम्पलेटची, आणि ती फार कमी जणांच्या लक्षात येते. अल्बम डिझाइनसाठी जी पीएसडी (फोटोशॉप फाइलची) टेम्पलेट हातोहात फिरतात, त्यांतली काही अडोबी आरजीबीत असतात, काही सीएमवायकेत (प्रेसच्या चार शायांच्या मोडमध्ये), काहींना प्रोफाइलच नसतं. तुम्ही नीट एसआरजीबी फोटो त्यात ओढता आणि शेवटी शीट वेगळ्याच प्रोफाइलने बाहेर पडते. नवं टेम्पलेट उघडलं की फोटो टाकण्याआधी त्याचं प्रोफाइल बघा. फोटोशॉपच्या खिडकीत खाली डाव्या कोपऱ्यातल्या बाणावर ‘डॉक्युमेंट प्रोफाइल’ निवडलं की ते कायम दिसत राहतं.

तिसरी वाट ‘असाइन’ आणि ‘कन्व्हर्ट’ यांच्या गोंधळाची. कन्व्हर्ट टू प्रोफाइल केलं की आकडे बदलतात आणि दिसणं तेच राहतं. असाइन केलं की आकडे तेच राहतात आणि दिसणं बदलतं. लॅबसाठी फाइल तयार करताना कन्व्हर्टच करायचं. असाइन वापरायचं ते फाइलला प्रोफाइल नसेल आणि ते कुठलं असणार हे तुम्हाला नक्की माहीत असेल तेव्हाच.

फोटोशॉपच्या कलर सेटिंग्जमध्ये वर्किंग स्पेस एसआरजीबी ठेवा, पॉलिसी ‘प्रिझर्व्ह एम्बेडेड प्रोफाइल्स’ ठेवा, आणि ‘प्रोफाइल जुळत नसेल तर विचारा’ अशा अर्थाच्या चौकटींवर खूण करा. दर वेळी खिडकी उघडते म्हणून लोक वैतागून ती बंद करतात. राहू द्या, तीच तुमची राखणदार आहे.

तपासा: तयार जेपीईजी नव्याने उघडून बघा. प्रोफाइल एसआरजीबी, मोड आरजीबी, ८ बिट. तिन्ही जुळले की पुढे.

## ५. जे रंग कागदावर मावत नाहीत

हळदीचा फोटो हा या विषयातला सगळ्यात वाईट परीक्षक. भर दुपारच्या उन्हात हळदीने माखलेला गाल, त्यावर व्हायब्रन्स वाढवलेला. लाल चॅनेल वरच्या टोकाला जाऊन अडकतो, आणि प्रिंटमध्ये गालाच्या जागी पिवळा डाग येतो, त्वचेचा पोत नाही. डीजेच्या निळ्या-जांभळ्या एलईडीतले चेहरेही तसेच. स्क्रीनवर तो निळा झगमगतो, कागदावर मळकट होतो.

लॅबने आयसीसी प्रोफाइल दिलं असेल तर सॉफ्ट प्रूफ करा, म्हणजे प्रिंट कशी येईल ते स्क्रीनवरच बघा. फोटोशॉपमध्ये व्ह्यू, प्रूफ सेटअप, कस्टम असं जाऊन ते प्रोफाइल निवडा. रेंडरिंग इंटेंट (न मावणारे रंग बसवायची पद्धत) रिलेटिव्ह कलरिमेट्रिक घ्या, ब्लॅक पॉइंट कॉम्पेन्सेशनवर खूण ठेवा. कंट्रोल आणि वाय दाबून आधी-नंतर बघा. लाइटरूम क्लासिकच्या डेव्हलपमध्ये हेच एस दाबून होतं. कागदाचा पांढरा दाखवणारी खूण लावली की फोटो एकदम फिका पडल्यासारखा वाटतो. ती लावताना नजर दुसरीकडे ठेवा, मग बघा, म्हणजे धक्का बसून तुम्ही उगाच कॉन्ट्रास्ट वाढवणार नाही.

प्रोफाइल मिळालं नाही तरी हिस्टोग्राम (फोटोतल्या उजळ-गडद छटांचा आलेख) आहेच. तिन्ही चॅनेल वेगवेगळे बघा. हळदीच्या फोटोत एचएसएलमधून (एकेक रंग वेगळा बदलायच्या पॅनलमधून) पिवळ्या आणि नारिंगीचं सॅच्युरेशन (भडकपणा) थोडं उतरवा, ल्युमिनन्स (उजळपणा) किंचित खाली घ्या, गालावरचा पोत परत दिसू लागेपर्यंत. पूर्ण फोटोचं सॅच्युरेशन उतरवू नका, मांडवातली केळीची पानंही त्यात सुकून जातील.

सावधान: लॅबचं प्रोफाइल पाहण्यासाठी वापरा. फाइल त्या प्रोफाइलमध्ये कन्व्हर्ट करून पाठवा असं लॅबने स्वतः सांगितलं नसेल, तर कन्व्हर्ट करू नका.

## ६. माप आणि एक्स्पोर्ट

हा भाग गणिताचा, पटकन उरकतो. ३०० पीपीआयने (इंचाला ३०० पिक्सेल) ४×६ इंच म्हणजे १२००×१८०० पिक्सेल, ८×१२ म्हणजे २४००×३६००, आणि १२×३६ ची अल्बम शीट ३६००×१०८००. लॅबने वेगळा आकडा दिला असेल तर लॅबचा घ्या.

कॅमेऱ्याचा फोटो २:३ असतो, मोबाइलचा बहुधा ३:४. ८×१० मागितलं तर कॅमेऱ्याच्या फोटोचा काही भाग कापलाच जाणार. तो तुम्ही कापा, मशीनवर सोडू नका. अल्बम शीटमध्ये चेहरे आणि अक्षरं कडेपासून निदान अर्धा इंच आत ठेवा, आणि १२×३६ च्या मधल्या घडीवर कुणाचं नाक येणार नाही हे बघा. हे सांगावं लागतं, कारण वरमाईच्या चेहऱ्यातून घडी गेलेले अल्बम घरोघरी आहेत.

शार्पनिंग माप बदलल्यानंतर, सगळ्यात शेवटी. जेपीईजीची क्वालिटी फोटोशॉपच्या १२ च्या मापात १० ते १२ च्या दरम्यान. फाइल पेनड्राइव्हवर किंवा ड्राइव्हच्या लिंकने द्या. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवलेली फाइल लहान होऊन दाबली जाते. दुसरा इलाजच नसेल तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा.

## ७. टेस्ट प्रिंट

इथे पैसे वाचवणारे पुढे पूर्ण अल्बमचे पैसे घालवतात. नंदुरबारहून लॅब लांब आहे, प्रिंट यायला वेळ लागतो, ही अडचण खरी. म्हणूनच टेस्ट ऑर्डर सीझन सुरू व्हायच्या आधी द्यायची, तुळशीच्या लग्नाची वाट बघायची नाही.

दोन फाइल बनवा.

पहिली स्थिर टेस्ट फाइल. ही एकदा बनवायची आणि वर्षभर तीच छापत राहायची. त्यात असावं: नैसर्गिक उजेडातला सावळा चेहरा आणि गोरा चेहरा, पांढऱ्यातला तपशील दाखवणारं काही, उदाहरणार्थ सारंगखेड्याच्या घोडेबाजारातला उन्हातला पांढरा घोडा, काळ्यातला तपशील, म्हणजे काळे केस किंवा शेरवानी, मघाशी काढलेल्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्या, १२८, १२८, १२८ चा राखाडी चौकोन, आणि एक ब्लॅक अँड व्हाइट फोटो. शेवटचा सगळ्यांत कामाचा. रंगीत फोटोत हिरवट झाक लपून जाते, ब्लॅक अँड व्हाइटमध्ये लपत नाही.

दुसरी फाइल चालू कामाची. अल्बममधले चार-पाच अवघड फोटो घ्या: हळद, रात्रीची वरात, स्टेज, घरातला ट्यूबलाइटचा. प्रत्येकाच्या तीन प्रती: आहे तशी, एक्स्पोजर ०.२ ने वाढवलेली, ०.४ ने वाढवलेली. कोपऱ्यात बारीक अक्षरांत लिहा कुठली कुठली, नाहीतर प्रिंट हातात आल्यावर ओळखू येत नाही.

टेस्ट त्याच मशीनवर, त्याच कागदावर छापायला सांगा. अल्बम मॅटवर आणि टेस्ट ग्लॉसीवर असं झालं तर उपयोग शून्य. मॅटवर काळा रंग तेवढा खोल जात नाही आणि कॉन्ट्रास्ट कमी वाटतो. वर लॅमिनेशन होणार असेल तर एका टेस्ट प्रिंटवर ते करून घ्या. केमिकलच्या मशीनचा रोजचा सेटअप झाल्यानंतर टेस्ट काढा, अशी विनंती करायलाही हरकत नाही. चांगला ऑपरेटर असं विचारणाऱ्या माणसावर खूश होतो.

सावधान: इंकजेटची प्रिंट मशीनमधून निघताच तिच्यावर निकाल देऊ नका. शाई पूर्ण सुकून बसेपर्यंत, शक्यतो दुसऱ्या दिवसापर्यंत थांबा.

## ८. प्रिंट बघायची कुठे

दुकानातल्या पिवळ्या बल्बखाली प्रिंट पिवळी दिसणारच. हिरव्या शेडनेटखाली किंवा मांडवाच्या रंगीत कापडाखाली तर रंगाचा विषयच नको. एप्रिल-मे महिन्यातल्या आपल्याकडच्या उन्हात धरलेली प्रिंट, कितीही काळपट असली तरी, उजळच भासते.

सकाळी उत्तरेकडच्या खिडकीजवळ किंवा ओट्यावर सावलीत बघा. कायमची सोय करायची तर ५००० केल्विनचा, सीआरआय (रंग खरे दाखवण्याचं माप) ९० च्या वरचा एलईडी घ्या आणि मॉनिटरच्या बाजूला, स्क्रीनवर उजेड पडणार नाही असा लावा. प्रिंट आणि स्क्रीन एकाच वेळी, आळीपाळीने बघा, आठवणीतून तुलना करू नका.

## ९. आता निदान

सगळ्यात आधी स्थिर टेस्ट फाइलची प्रिंट हातात घ्या, अल्बमचे फोटो नंतर.

राखाडी चौकोन आणि ब्लॅक अँड व्हाइट फोटो दोन्हींवर एकच झाक आहे का? असेल तर ती मशीनची किंवा करेक्शनची. प्रिंट घेऊन लॅबकडे जा आणि तो राखाडी चौकोन दाखवा. ‘रंग बरोबर नाही’ म्हटलं की वाद होतो. ‘१२८ चा राखाडी हिरवट आला’ म्हटलं की ऑपरेटर मशीनकडे वळतो.

टेस्ट फाइल नीट आली, पण अल्बमचे सगळेच फोटो गडद? मॉनिटर अजून जास्त ब्राइट आहे. ब्राइटनेस आणखी खाली आणा, तेच फोटो पुन्हा बघा. आता ते स्क्रीनवरही गडद दिसले पाहिजेत. दिसले की मगच एडिट उघडा. ०.२ ची प्रत बरोबर वाटली म्हणून पुढच्या सगळ्या कामाला कायमचं ०.२ लावायचं, हा शॉर्टकट मोहाचा आहे. मॉनिटर बदलला, जागा बदलली की तो अंगावर येतो. सीझन तोंडावर असेल तर एका ऑर्डरपुरता वापरा.

फक्त काही फोटो गडद, बाकी नीट? मग ते एडिटच तसं आहे. कदाचित तुमचे दिवसाचे आणि रात्रीचे फोटो वेगळ्या उजेडात झालेत. दुसरी पायरी पुन्हा वाचा.

सगळे रंग फिके? चौथी पायरी. फक्त पिवळा-निळा बिघडलाय? पाचवी.

## १०. पूर्ण ऑर्डर

टेस्ट मंजूर झाली की तिची एक प्रिंट, मागे तारीख, कागद आणि मशीन लिहून, लॅबकडे ठेवा आणि एक स्वतःकडे. ऑर्डरवर ‘सोबतच्या नमुन्याप्रमाणे, करेक्शन नको’ असं लिहा. ऑर्डर मोठी असेल तर एक स्थिर टेस्ट फाइल तिच्यात टाकून द्या. प्रिंट आल्या की आधी ती नमुन्याशेजारी धरा. ती जुळत असेल तर बाकीच्या शीट निवांत बघा. जुळत नसेल तर बाइंडिंगला देण्याआधीच परत पाठवा, बाइंडिंग झाल्यावर कुणीच ऐकून घेत नाही.

उरतो ग्राहक. त्याने फोटो निवडले मोबाइलवर, तेही फुल ब्राइटनेसवर आणि ‘व्हिव्हिड’ मोडमध्ये. अल्बम हातात आल्यावर तो त्याच मोबाइलशी ताडून बघणार. म्हणून निवडीच्या वेळीच एक मंजूर टेस्ट प्रिंट समोर ठेवा आणि सांगा की अल्बम असा दिसेल. फोनवरच दाखवायचं असेल तर डिस्प्ले ‘नॅचरल’वर आणून ब्राइटनेस अर्ध्यावर घ्या. पसंती त्या प्रिंटवर घ्या, आणि ऑर्डरच्या कागदावर कागदाचा प्रकार लिहून सही घेऊन टाका.